आधी दिवा, मग दणका

१

"साहेब, पट्टी फुटलीय!"

नव्या ट्रामच्या छतावर चढलेला फिटर वरूनच ओरडला आणि शेडमधल्या सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. परवा गाडीची पहिली फेरी. पिवळा रंग नुकता वाळलेला, काचा पुसून लख्ख केलेल्या, आणि नेमकी छत्रीची पट्टी फुटलेली.

छत्री म्हणजे ट्रामच्या डोक्यावरचा घडीचा सांगाडा. तो उघडून वर जातो, त्याच्या माथ्यावरची काळी कोळशाची पट्टी वरच्या तारेला घासत राहते आणि तारेतली वीज गाडीत उतरते. कोळशाची म्हणून तारेला जपते ती. पण घाव सोसत नाही बिचारी. जोरात आपटली की टवका उडतो, तसा उडाला होता.

डेपो मॅनेजरांनी नव्या गाडीच्या ड्रायव्हरकडे, धाकटीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"सकाळी चाचणीला तूच नेलीस ना गाडी?"

"हो, साहेब."

"फुलीवरून?"

"हो. पण हळू नेली. हँडल आधीच शून्यावर आणलं होतं."

"मग टवका काय उंदरानं खाल्ला?"

कुणीतरी हसलं. त्या हसण्यात फार दिवस दाबून ठेवलेला आनंद होता.

सगळ्यांत तरुण ड्रायव्हर ती, आणि नव्या गाडीसाठी साहेबांनी तिला निवडलं. त्या दिवसापासून डेपोतल्या प्रत्येकाच्या मनात ते सलत होतं. अभिनंदन सगळ्यांनी केलं. दात दिसले, पण डोळे कुणाचे हसले नाहीत.

"बिल्ला काढून ठेव," साहेब म्हणाले. "पहिल्या फेरीआधी खुलासा झाला नाही, तर तो परत मिळणार नाही. आणि ड्रायव्हरचं काम पुन्हा कधीच नाही."

धाकटीनं बिल्ला काढला. तिची थोरली बहीण तिकीट खिडकीवर कामाला होती. तीच पुढे झाली, तिनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रडू नकोस गं. चूक कुणाच्या हातून होत नाही?"

धाकटी रडत नव्हती. ती म्हणाली, "ताई, चूक झालीच नाही."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या तपासनीसबाई आल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. अंगानं स्थूल, चालीनं संथ, आणि ओठांत सतत कुठलंतरी पद. कीर्तनकार बुवा गावात कुठेही असोत, मावशी पुढच्या रांगेत. चौकशीही त्या तशाच करत, आधी समोरच्याला मनसोक्त बोलू देत आणि मग एखादीच ओळ पुन्हा म्हणायला लावत.

त्या आधी शेडमध्ये गेल्या, शिडी चढल्या, टवका बघितला, आणि मग थेट फुलीवर गेल्या.

आता ही फुली काय, ते आधी नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. गावातल्या ट्रामचे रूळ आणि विजेच्या आगगाडीचे रूळ एके ठिकाणी एकमेकांना छेदतात. खाली रुळांची फुली आणि वर तारांची. पण ट्रामची वीज बेताची आणि आगगाडीची भयंकर. दोन्ही तारा एकमेकींना भेटल्या तर ट्रामची राखच व्हायची. म्हणून बरोबर फुलीवरचा तारेचा तुकडा दोन्हींपासून तोडून ठेवलेला आहे. त्यात वीजच नाही. त्याला म्हणतात मुकी तार. ट्राम असो की आगगाडी, हँडल शून्यावर आणायचं आणि अंगातल्या वेगावर मुक्या तारेखालून निसटायचं.

जुन्या ट्रामच्या खिडक्या चिंचोळ्या, म्हणून आत दिवसाही दिवे लागतात. छत्री मुक्या तारेला लागली की दिवे जातात आणि लगेच पुढची चाकं आगगाडीच्या रुळांवर आपटतात. इतक्या वर्षांत प्रवाशांच्या अंगात ते मुरलंय. दिवा गेला की हातातलं सामान धरायचं, कारण पाठोपाठ दणका येतो. झोपलेली माणसंसुद्धा झोपेतच पिशवी धरतात.

फुलीपाशी तारांचा मुकादम उभा होता. तारवाला म्हणत त्याला. धाकटीला त्यानं एकदा मागणी घातली होती आणि तिनं हसून नाही म्हटलं होतं.

"काय हो, तारवाले, पोरीनं गाडी पळवली म्हणतात."

"मी कशाला म्हणू? पण पळवली असेल. वेगात आली की चालू तार संपून मुकी सुरू होते तिथल्या सांध्यावर छत्री उडी मारते, आपटते, आणि टवका उडतो. तिचं लक्ष असतं कुठे? माणसांशी दोन शब्द बोलत नाही. त्या गाडीशी मात्र तासन्‌तास गप्पा."

"तुम्हाला गाडीचा मत्सर वाटतो की काय?"

तारवाल्याचे कान लाल झाले. "वाटतो," तो म्हणाला. "पण म्हणून मी माझ्या तारेखालची पट्टी फोडीन? काल दिवसभर मी इथेच शिडीच्या गाडीवर होतो. टोळीला विचारा."

"विचारलं. बरं, मला एक सांगा. तुमची तार इतर ठिकाणी नागमोडी का हो?"

"पट्टी एकाच जागी झिजू नये म्हणून. तार डावीकडून उजवीकडे सरकत जाते, पट्टी सगळीकडून सारखी घासते."

"आणि इथे, फुलीवर?"

"इथे नागमोडी चालत नाही. इथे तार ताणून बसवलेली. भांगासारखी मधोमध."

"मग इथे आपटून टवका उडाला, तर तो पट्टीवर कुठे उडेल?"

"मधोमध. दुसरीकडे कसा…" तारवाला बोलता बोलता थांबला. "का? कुठे उडालाय?"

"डाव्या टोकाला," मावशी म्हणाल्या. "शेडमध्ये शिडी टेकवलेली असते ना, त्या बाजूला. हात पुरेल तेवढ्यावर."

३

म्हणजे टवका फुलीवर उडाला नव्हता. शेडमध्ये कुणीतरी शिडी चढून हातानं घाव घातला होता.

काल साहेबांपुढे न बोललेला फिटर आता मावशींपुढे कबूल झाला: सकाळी गाडी चाचणीहून आली तेव्हा त्यानं छत्री पाहिली होती, पट्टी धड होती. दुपारनंतर फुटलेली सापडली. मधे शेड रिकामी पडली ती फक्त जेवणाच्या सुट्टीत. त्या सुट्टीत कँटीनमध्ये साहेबांचं भाषण होतं. हजेरी सक्तीची, दाराला आतून कडी, आणि जेवण भाषणानंतर. सगळा डेपो, धाकटीसकट, आत कोंडलेला. तारांची टोळी सोडली तर बाहेर होती ती तीनच माणसं. फुलीवर तारवाला, दुपारच्या गाडीवर तात्या, आणि आईचा डबा घेऊन दवाखान्यात निघालेली थोरली.

तात्या डेपोतले सर्वांत जुने ड्रायव्हर. मावशी त्यांच्याजवळ बाकावर बसल्या.

"तात्या, जळतं का हो?"

"जळतं," तात्या म्हणाले. "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या पोरीला हँडल कसं धरायचं ते मी शिकवलं. आता ती नव्या गाडीवर आणि मी या खटाऱ्यावर. घरी बायकोसुद्धा म्हणते, 'ती पोर छान दिसते हो त्या गाडीत.' जेवण जातं का मग?"

"काल दुपारी गाडीवरच होता?"

"नसतो तर बरं झालं असतं. चौकातला पाण्याचा नळ फुटला, वळायच्या रुळांवर खड्डा खणून ठेवला. गाडी वळवणार कशी? मग मागच्या टोकाला जाऊन बसलो आणि तशीच उलटी दामटली दवाखान्यापर्यंत. दुपारच्या सगळ्या फेऱ्या तशाच. फुलीवर सगळ्या गाडीनं मला शिव्या घातल्या. एकीच्या मांडीवर दूध, एकाच्या पायावर भाज्यांची पिशवी. मी काय मुद्दाम केलं?"

"आज वळताय ना?"

"आज झालं दुरुस्त."

मावशी ओठांत पद गुणगुणू लागल्या, आणि मधेच थांबल्या.

"तात्या, तुमच्या गाडीची छत्री कुठल्या टोकाला असते?"

"पुढच्या. का?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. जे कळलं ते कुणाला भोवणार आहे, ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

४

तिकीट खिडकीच्या मागची खोली चिमुकली. एक खुर्ची, एक स्टूल, खिळ्याला टांगलेला कोट, आणि टेबलावर झाकणाचा स्टीलचा डबा. थोरलीनं मावशींना खुर्ची दिली.

"माझी सख्खी बहीण हो! तिचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? उलट मीच साहेबांना म्हटलं, लहान आहे, माफ करा."

"चूक झालीच नसेल तर माफी कसली?"

थोरलीनं टेबलावर नसलेली धूळ पुसली. "तेही खरंच."

"तुम्ही दोघी एकदमच परीक्षेला बसला होता ना?"

"हो. ती पास झाली. माझे डोळे कच्चे निघाले, लाल-हिरव्यात गोंधळ. ती ड्रायव्हर झाली, मी खिडकीत बसले." ती हसली. "चालायचंच. पेढे मीच वाटले. ती लहानपणापासून पुढेच. आईची लाडकी. आता बघा ना, आई तीन महिने दवाखान्यात पडून आहे. रोज दुपारी डबा कोण नेतं? मी. आणि आई खिडकीकडे कान लावून बसते. खालून ट्राम गेली की म्हणते, 'ही माझ्या धाकटीची घंटा.' शंभर घंटांतून ओळखते! मी दारातून आत येते, अगदी खाटेपाशी येते, तरी विचारते, 'कोण आहे?'"

ती हे हसत हसतच सांगत होती. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"काल दुपारीही गेला होता?"

"रोज जाते."

"सांगा ना. मला ऐकायला आवडतं."

"त्यात काय सांगायचं? डेपोच्या थांब्यावर ट्राम धरली. नेहमीची जागा, खिडकीजवळची. मांडीवर डबा. फुली आली, दिवा गेला, मी डबा दोन्ही हातांनी उचलून धरला, मग दणका बसला. आईच्या हातात डबा दिला तेव्हा एक थेंब सांडलेला नव्हता. माझा हात तसा घट्ट आहे."

"पुन्हा म्हणा बरं. दिवा गेला, मग?"

"मग दणका." थोरलीनं त्यांच्याकडे नवलानं बघितलं. "का हो?"

"फार छान सांगता तुम्ही," मावशी म्हणाल्या आणि जड पावलांनी उठल्या.

५

दवाखान्यातली खाट खिडकीजवळच होती. आई अगदी वाळून गेली होती, पण डोळे लख्ख. धाकटीचा बिल्ला काढून घेतल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"कुणीतरी मुद्दाम पट्टी फोडलीय, आई," मावशी म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा कोण कुठे होतं, एवढंच विचारत फिरतेय. थोरली इथे आली होती ना?"

म्हातारीनं खिडकीबाहेर बघितलं. खालून एक ट्राम गेली. घंटा वाजली. ती धाकटीची नव्हती.

"आली होती," ती म्हणाली.

"डबा घेऊन?"

"डबा घेऊन. सूप गरम होतं. काठोकाठ. एक थेंब सांडला नव्हता. ती रोज तेच दाखवते मला, बघ आई, एक थेंब नाही सांडला." मग तिनं मावशींचा हात धरला. त्या हातात जोर नव्हता, पण सोडवतही नव्हता. "ती फार कष्ट करते हो. तिला काही बोलू नका."

मावशी जिन्यात कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. लेकीचं आणि आईचं बोलणं शब्दाला शब्द जुळत होतं. आणि दोन्ही खोटं होतं.

६

संध्याकाळच्या आत मावशींनी तात्यांना गाठून कानात काहीतरी सांगितलं. मग थोरलीला म्हणाल्या, "चला, आईकडे माझ्यासोबत. डबा घ्या बरोबर."

ट्राम आली. थोरली नेहमीच्या जागेवर बसली, मांडीवर डबा, एक हात झाकणावर सैल. मावशी समोर. तात्यांनी गाडी हाकली. थोरली हवापाण्याच्या गप्पा मारत होती. फुली जवळ आली तसा तिचा दुसरा हात सवयीनं डब्याकडे सरकला, पण दिवा जाईपर्यंत उचलायची घाई नव्हती.

दणका बसला.

डबा मांडीवरून उडाला, झाकण निसटलं, गरम सूप तिच्या कोटावर सांडलं. ती किंचाळली. आणि मग, तिच्या तोंडातला आवाज संपता संपता, दिवा गेला.

अंधारात मावशींचा आवाज सुरू झाला आणि दिवा परत आल्यावरही थांबला नाही. "आज तात्यांनी गाडी मुद्दाम उलटी आणलीय. छत्री एरवी पुढच्या टोकाला, म्हणून ती आधी मुक्या तारेखाली जाते, दिवा आधी जातो, चाकं नंतर आपटतात. गाडी उलटी असली की छत्री मागे. चाकं रुळांवर आपटतात तेव्हा ती अजून चालू तारेलाच असते. दणका आधी, दिवा मागून. काल दुपारच्या सगळ्या फेऱ्या अशाच उलट्या झाल्या, बाई. चौकातला नळ फुटला होता. गाडीत असतात तर तुम्हालाही ठाऊक असतं."

उजेडात थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी… मी विसरले असेन. रोजचंच ते. आईला विचारा! आई सांगेल."

"विचारलं," मावशी म्हणाल्या. "आई म्हणाली, तू आली होतीस. सूप काठोकाठ होतं. एक थेंब सांडला नव्हता."

थोरलीनं मान वर केली.

"असं म्हणाली? आई?"

"माझा हात धरून म्हणाली. तिला काही बोलू नका, म्हणाली."

"पण मी गेलेच नव्हते," थोरली म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. कळूनही ती थांबली नाही. "डबा शेडमध्ये शिडीपाशी ठेवला आणि वर चढले. एकच घाव घातला, पान्याचा. मग खाली उतरले. आईसमोर जायचा धीरच झाला नाही. सूप मोरीत ओतलं. आई दिवसभर… तिनं दुपारी काही खाल्लं का?"

"ते तिनं कुणालाच सांगितलेलं नाही."

"माझ्यासाठी खोटं बोलली? धाकटीचा बिल्ला जाणार हे ठाऊक असून?" ती हमसून रडायला लागली. "मला वाटायचं, तिला मी दिसतच नाही."

मावशींनी आपला रुमाल तिच्या हातात दिला. सांडलेलं पुसायला की डोळे पुसायला, ते तिचं तिनं ठरवायचं होतं.

"माझी बहीण कीर्तनात गाते," त्या हळूच म्हणाल्या. "अख्खा मंडप डोलतो. मी तिच्यामागे बसून टाळ वाजवते. पुष्कळ वर्षं ठेका मुद्दाम चुकवावासा वाटायचा मला. म्हणून सांगते, घाव घातल्यावर हलकं काही वाटत नाही, हे मला न घालताही ठाऊक आहे." मग आवाज सरळ करून म्हणाल्या, "साहेबांकडे मी जाऊ शकते. पण तू गेलीस तर बरं."

थोरली गेली. सूप सांडलेल्या कोटानं गेली आणि धाकटीच्या समोर सगळं बोलली. साहेबांनी तिला कामावरून घरी बसवलं, निकाल लागेपर्यंत, आणि बिल्ला धाकटीच्या हातात दिला. धाकटीनं तो लावला. बहिणीकडे तिनं बघितलं नाही. फक्त दारातून बाहेर पडताना, तोंड दुसरीकडे वळवूनच म्हणाली, "आणि रात्रीचा डबा आज कोण नेणार आहे?"

७

नवी पट्टी बसली आणि ठरल्या दिवशी पहिली फेरी निघाली. साहेब होते, तात्या होते. तात्या पहिल्याच बाकावर बसून धाकटीच्या हातांकडे बघत होते आणि "हं… आता सोड… हं," असं पुटपुटत होते. तारवाला फुलीवर शिडीच्या गाडीवर उभा राहून वर तारेकडे बघत असल्याचं दाखवत होता.

थोरली शेवटच्या बाकावर बसली होती. खिडकीतून तिकीट विकत घेऊन, मांडीवर डबा घेऊन. तिच्याशी कुणी बोललं नाही. धाकटी तर त्या संध्याकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

ट्राम फुलीकडे निघाली. थोरलीचे डोळे भरून आले होते, ते आता पुसले तर गाडीतल्या सगळ्यांना दिसलं असतं. ती दिवा जायची वाट बघत होती. मुकी तार आली की क्षणभर अंधार होईल, तेवढा तिला पुरे होता.

पण ती गाडी नवी होती. तिच्या पोटात बॅटरी होती. छत्री मुक्या तारेला लागली, आणि दिवे तसेच जळत राहिले. कुणाचाच हात पिशवीकडे गेला नाही. थोरलीचाही नाही. ती भर उजेडात, ओल्या डोळ्यांनी, डबा सैल धरून बसली होती.

वरच्या आरशात धाकटीला ती दिसत होती.

"ताई," धाकटी पाठीमागे न वळताच ओरडली, "डबा धर!"

थोरलीनं दोन्ही हातांनी डबा उचलून धरला, आणि दणका बसला.